दाई काढली

१

आई गेल्याला अठरा दिवस झाले होते, तेव्हा संग्रहालयातून फोन आला. संचालक स्वतः बोलत होते. आई त्यांना साहेब म्हणायची, म्हणून मीही म्हणते.

"जरा येऊन जाता का? चित्रातली बाई नाहीये."

"कुठली बाई?"

"दाई. तुमच्या आईंच्या टेबलावरचं शेवटचं चित्र. आज त्याच्यावरचं कापड काढलं आणि... तुम्ही याच."

मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक आहे. समोर दोनशे बारावं पान होतं. एक वेलांटी दुरुस्त केली, पेन्सिल ठेवली आणि निघाले. त्या अठरा दिवसांत मला काही टोचत नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ जसा असतो, तसं. आहे, पण आपला नाही.

आईची कार्यशाळा तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी. एकतीस वर्षं ती तिथे बसून जुनी चित्रं दुरुस्त करत होती. घडवंचीवर एक लाकडी फळी होती, चांगली टेबलाएवढी. पाचशे वर्षांपूर्वीचं, अनामिक चित्रकाराचं येशूजन्माचं चित्र. मोडकं छप्पर, बैल, गाढव. जमिनीवर उघडं बाळ, आणि त्या बाळातूनच उजेड येतोय. समोर मेरी गुडघे टेकून बसलेली. एका कडेला म्हातारा योसेफ मेणबत्तीच्या ज्योतीवर तळहात धरून उभा. पण बाळाच्या उजेडापुढे मेणबत्तीचं काही चालत नाही.

उजव्या बाजूला, दाई असायला हवी तिथे, रिकामी जमीन होती. जमिनीवर स्त्रीच्या चपलांचा एक जोड आणि घडी केलेली चार फडकी.

आणि बाळाच्या वर, हवेत, एक हात. मनगटापर्यंतचा. मागे दंड नाही, खांदा नाही, बाई नाही.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. त्यांनी आईची वही पुढे केली. "आणि हे त्यांचं शेवटचं पान. इस्पितळात दाखल झाल्या त्याच्या आदल्या दिवशीचं."

अक्षर आईचंच, पण प्रत्येक काना थरथरलेला.

'दाई काढली. हात राहिला. ती पाठीशी आहे.'

"सोमवारी समिती बसतेय," साहेब म्हणाले. "मला लिहावं लागेल. आजारपणात, परवानगी नसताना, मूळ चित्राचा भाग नष्ट केला. कार्यशाळेला बाईंचं, तुमच्या आईंचं, नाव द्यायचं ठरलं होतं, ते तर आता सोडाच."

तो शुक्रवार होता.

२

साहेबांनी चहा मागवला. त्यांच्या खोलीत त्यांच्याच पुस्तकाच्या सात प्रती होत्या. तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक, विषय हीच दाई.

"तुम्ही वाचणाऱ्या आहात, तुम्हाला सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "जुनी आख्यायिका आहे. बाळंतपणाला दोन दाया आल्या. एकीनं विश्वास ठेवला. दुसरी म्हणाली, कुमारिकेला मूल? मी हात लावून बघितल्याशिवाय मानायची नाही. हात लावला आणि तो वाळून गेला. मग त्याच हातानं बाळाला स्पर्श केला, तेव्हा बरा झाला. म्हणजे सगळं चित्र त्या हातात आहे. संशय घेणारा माणूस. मी, तुम्ही."

"पण ती नसलेलं चित्रही पुरं वाटतं," मी म्हटलं. "चपला, फडकी."

"ती चित्रकाराची पहिली कल्पना. एका साध्वीला दृष्टान्त झाला होता. मेरीनं चपला काढून ठेवल्या, फडकी घडी करून जवळ ठेवली, गुडघे टेकले, आणि वेदनेशिवाय, कुणाच्या मदतीशिवाय बाळ आलं. त्या काळी सगळे तसंच चित्र काढायला लागले. आमच्या चित्रकारानंही तसंच सुरू केलं, मग त्याचं मन बदललं आणि त्यानं चपलांवर दाई रंगवली. असं मी म्हणतो."

"आणि ती त्यानं नसेलच रंगवली तर? मागाहून दुसऱ्याच कुणी?"

"बाई हेच म्हणायच्या. वर्षभर भांडलो आम्ही." ते हसले, पण चहाचा कप बशीत नीट बसेना. "सिद्ध करा म्हटलं. आता काय सिद्ध करणार? पुरावाच पुसून टाकला."

"फोटो?"

"जुना एक आहे, माझ्या पुस्तकातला. पिवळ्या वार्निशाखालचा. वार्निश गेल्यावर नवे घ्यायचे होते, पण मोठा कॅमेरा दुरुस्तीला गेला तो आलाच नाही."

"आईनं मागितले होते?"

"तीन अर्ज आहेत," ते हळू म्हणाले.

मी तो जुना फोटो बघितला. दाई ओणवी, हात बाळावर धरलेला. चेहरा छान उजळलेला, जणू खिडकीशी बसलीय. तिची सावली बाळाकडे पडली होती. मी पान मिटलं. काहीतरी खटकलं होतं, पण कुठे ते कळेना. प्रूफ वाचताना असं होतं. चूक डोळ्यांखालून जाते आणि दोन ओळींनंतर जाणवतं, की मागे काहीतरी राहिलं.

३

धाकटी आतल्या मोरीत ब्रश धूत होती. तिचं हे नाव आईनंच पाडलेलं. अकरा वर्षं ती आईच्या हाताखाली होती. आई गेली तेव्हा उशाशी तीच होती. मी चाळीस मिनिटं उशिरा पोचले. आदल्या दिवशी आईनं फोनवर सांगितलं होतं, "धावत येऊ नकोस, हातातली प्रूफं संपव." मी संपवली.

"ताई, बसा ना," धाकटी म्हणाली. स्टूल पुसून दिलं.

"दाई कुणी पुसली?"

"वहीत आहे ना, ताई."

"वहीत काय आहे ते मी वाचलं. तू काय बघितलंस?"

"बाई म्हणाल्या होत्या, कुणी विचारलं तर वही दाखव. आपण तोंड उघडायचं नाही."

"कुणी म्हणजे मीसुद्धा?"

तिनं नळ बंद केला आणि पुन्हा सोडला. "तुमचं नाव नव्हतं घेतलं त्यांनी."

मला राग यायला हवा होता. तो कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा वाटला. मी भिंग घेतलं आणि चित्रापाशी गेले. हाताची कड बघितली. बोट न् बोट कोरून काढल्यासारखं सोडवलं होतं. नखाच्या शेजारी, केसाच्या रुंदीवर, दाईचा रंग संपून खालची जमीन सुरू होत होती. कुठे ओरखडा नाही, कुठे सुरी घसरलेली नाही. चित्रभर बारीक भेगांची जाळी होती, सुकलेल्या तळ्यासारखी. फक्त हातापाशी येऊन त्या भेगा बुजल्यासारख्या दिसत होत्या.

वही अजून माझ्या दुसऱ्या हातात होती. मी ते थरथरलेले काने पुन्हा बघितले. शेवटच्या दोन महिन्यांत आईला शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं. मी लावून द्यायचे.

ज्या हातानं हे लिहिलं होतं, त्या हातानं ते पुसलेलं नव्हतं.

४

शनिवारी मी आईच्या घरी गेले. इस्पितळात जाण्यापूर्वी तिनं सगळं आवरून ठेवलं होतं. पलंगाशी चपला जोडून ठेवलेल्या. खुर्चीवर चार टॉवेल, घडी करून. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिले आणि मग वह्यांचं कपाट उघडलं.

बावीस वह्या. मी त्या प्रूफासारख्या वाचल्या, म्हणजे अर्थाकडे लक्ष न देता, शब्दावर पेन्सिल ठेवत. अर्थ वाचायला लागलं की चुका दिसत नाहीत. त्या दिवशी मला अर्थ नकोच होता.

'गायीच्या पाठीवरचा जुना लेप उतरवला.' 'वार्निश उतरवलं, कापसाचे एकशे चाळीस बोळे लागले.' 'कपाळावरचा डाग उतरवला, हळू.' आणि मधे मधे: 'पंख काढला, पेन्सिलीनं, मापासकट.' 'तडे काढले, कागद जोडून.' 'फोटो घेतले, चार.'

दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, आणि संध्याकाळपर्यंत खात्री पटली. आपण सगळे डाग काढतो, रंग काढतो, आणि चित्रही काढतोच. एकाच शब्दानं पुसतो आणि एकाच शब्दानं रेखाटतो. आई तसं करत नव्हती. एकतीस वर्षांत, पुसण्यासाठी तिनं 'काढणे' एकदाच लिहिलं होतं. नवव्या वहीत. 'डाग काढला.' मग 'काढला'वर रेघ मारून वर लिहिलं होतं 'उतरवला', आणि समासात, स्वतःलाच दटावल्यासारखं: 'काढणं चित्रकाराचं. उतरवणं आपलं.'

मी बरोबर आणलेल्या वहीचं शेवटचं पान पुन्हा उघडलं.

दाई काढली.

तिनं दाई पुसली नव्हती. तिनं दाईचं चित्र काढलं होतं. मग ते चित्र कुठे होतं?

५

'ती पाठीशी आहे.' साहेब म्हणाले होते, शेवटी शेवटी बाईंचं भान गेलं असावं. आईच्या भानाबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. पाठीशी आहे म्हणजे पाठीशी आहे.

चौकटवाले काका संग्रहालयाच्या तळघरात बसतात. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. रविवारी संग्रहालय प्रेक्षकांना बंद असतं, काकांना नसतं.

"ये पोरी," ते म्हणाले. "आईसारखी चालतेस. ती पण अशीच यायची, पावलांचा आवाज न करता. दोनदा दचकून माझ्या अंगठ्यावर हातोडी बसलीय."

"काका, त्या चित्राची पाठ तुम्ही बसवलीत?"

"मग कोण बसवणार, साहेब? त्यांना खिळ्याचं डोकं कुठलं आणि टोक कुठलं ते आधी विचार."

"पाठीत काही ठेवलंय का?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "तुझी आई म्हणाली, एक कागद आहे, फळी आणि पाठीचा पुठ्ठा यांच्यामध्ये ठेवायचाय, ओल लागू नये म्हणून. मी म्हटलं, बाई, मला अक्कल नाही, पण ओलीचा कागद कसा असतो तेवढं कळतं. तर म्हणाली, कळतं ना, मग गप्प बसा."

"आणि तुम्ही बसलात."

"तिच्यापुढे कोण बोलतंय? आणि मला कुणी विचारलंच नाही. साहेबांनी चित्र पुढून बघितलं. सगळे पुढूनच बघतात."

आम्ही वर गेलो. धाकटीही आली होती, सुट्टी असून. काकांनी चित्र पालथं केलं, आठ स्क्रू सोडवले, पुठ्ठा उचलला.

खाली पारदर्शक फिल्मची एक घडी होती. मी ती उलगडली. धाकटीनं हातानं तोंड झाकलं.

६

ती दाई होती, पुऱ्या मापाची. डोक्यावरचं वस्त्र, कपाळ, ओणवे खांदे, कंबरेचा गोफ. रेघ थरथरत होती, तरी चुकत नव्हती. आणि दाईच्या अंगावरून दुसऱ्या, लाल पेन्सिलीनं, भेगांची जाळी काढली होती. त्रेचाळीस ठिकाणी बाण होते. प्रत्येक बाणापाशी तेच लिहिलेलं: 'रंग भेगेत उतरलाय.'

दाईला हात नव्हता. मनगटाशी रेघ थांबली होती.

काकांनी चित्र सुलटं केल्यावर मी फिल्म उचलून त्यावर धरली. चित्रातला हात तिच्या मनगटाला जाऊन बरोबर बसला.

मग मी बोलले, आकडेमोड सांगावी तसं.

"कागदावर जे आहे, ते फळीवर नाही. फळीवर जे आहे, ते कागदावर नाही. म्हणजे आधी काढायचं, मग उतरवायचं. एवढासा तुकडा काढला, तेवढाच उतरवला. काढणारीचा हात थरथरत होता, उतरवणारीचा नव्हता. काढणारी थांबली, तिथेच उतरवणारी थांबली."

धाकटी खाली बसली, जमिनीवरच.

"त्या काढायच्या, मी उतरवायची," ती म्हणाली. "आठ महिने समितीला पत्रं लिहिली, ताई. पुढच्या बैठकीत बघू, पुढच्या बैठकीत बघू. बाईंना पुढची बैठक कुठली? म्हणाल्या, मी गेले की हे चित्र पुन्हा कुणी उघडणार नाही. डोकं झालं, खांदे झाले. हाताच्या दिवशी त्यांच्या बोटांत पेन्सिलच राहीना. मी म्हटलं, मी काढते. नको म्हणाल्या. राहू दे, म्हणाल्या, तेवढा एक साक्षीदार राहू दे."

"वहीत तुझं नाव का नाही?"

"मी म्हटलं होतं, बाई, माझं नाव घाला, काम माझ्या हातचं आहे. तर म्हणाल्या, तुला अजून पंचवीस वर्षं या खिडकीशी बसायचंय. तुला काढून टाकतील." ती नाक पुसत थोडी हसली. "मला आता कुठून काढणार, म्हणाल्या."

काका खिडकीकडे तोंड करून स्क्रू मोजत होते. आठच होते. बराच वेळ मोजत होते.

आईनं वहीत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. दाई काढली. हात राहिला. वाचणारा जे वाचेल, ते त्याचं त्यानं. शब्दाशब्दावर अडणारी लेक घरात आहे, हे तिला माहीत होतं.

मी धाकटीला विचारलं, "आता मी काय करू?"

ती म्हणाली, "खरं काय ते सांगा, ताई. बाईंचं नाव राहिलं पाहिजे."

७

सोमवारी समितीची चार माणसं आणि साहेब चित्रासमोर खुर्च्या मांडून बसली. धाकटी दाराशी उभी होती. मी फिल्म टेबलावर पसरली.

"भिंतीला आधी तडे गेले," मी म्हटलं, "आणि मग वरून रंग दिला, तर रंग तड्यांत शिरतो. आधी रंग दिला आणि मग तडे गेले, तर रंगालाही तडा जातो. चित्राला अशा भेगा पडायला शंभरेक वर्षं लागतात, असं आईच्या वहीत आहे. मूळ चित्रकार शंभर वर्षं जगला नसणार. दाईचा रंग भेगांत उतरलेला होता. त्रेचाळीस जागा दाखवल्या आहेत."

"हे त्यांनी स्वतः काढलेलं," समितीतले एक गृहस्थ म्हणाले. "पुरावा म्हणून..."

"मग कागद बाजूला ठेवा. हात अजून फळीवर आहे. भिंग घ्या."

एकेक जण उठून बघून आला. साहेब शेवटी उठले. ते खूप वेळ वाकलेले होते.

"आणि तुमच्या पुस्तकातला फोटो," मी त्यांच्याकडे बघून म्हटलं. मला आदल्या रात्री झोपताना कळलं होतं, काय खटकत होतं ते. "या चित्रात उजेड बाळाचा आहे. योसेफची सावली बाळापासून लांब जाते, बैलाचीही, गाढवाचीही. एकट्या दाईची सावली बाळाकडे येते. तिला बाळाचा उजेड लागतच नाही. ती दुसऱ्याच खोलीत, खिडकीशी बसवून काढलेली बाई आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "तीस वर्षं," ते म्हणाले. मग फिल्मकडे वळले, थरथरती रेघ बोटानं न शिवता मागोमाग गेले, चित्रातल्या हाताची स्वच्छ कड बघितली. आणि मान वर करून दाराकडे, धाकटीकडे बघितलं.

त्यांना कळलं होतं. मला दिसलं.

"वहीत आहे, दाई काढली," ते सावकाश म्हणाले. "परवानगी फक्त वार्निशाची होती, त्यामुळे समितीला नोंद करावी लागेल. तुम्ही शब्दांतल्या आहात. काढली म्हणजे काय समजायचं आम्ही?"

धाकटीनं तोंड उघडलं. मी तिच्याआधी बोलले.

"काढली म्हणजे काढली," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा लावला.

"ठीक आहे. लिहा," ते कारकुनाला म्हणाले. "बाईंनी दाई काढली. परवानगीशिवाय. निर्णय योग्य होता."

तेवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करते आहे. ती एक, डोळ्यांसमोर कागदावर उमटत असताना, मी तशीच राहू दिली.

बैठक संपल्यावर साहेब चित्रापाशी एकटे उभे होते. "कुणी घातली असेल हो ती?" त्यांनी विचारलं. "शंभर वर्षांनंतर, कशासाठी?"

"त्याला बघवलं नसेल," मी म्हटलं. "एवढ्या वेळेला बाई एकटी. कुणी जवळ नाही."

ते माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी बाहेर आले.

जिन्यापाशी धाकटीनं मला गाठलं. तिच्या हाताला अजून साबणाचा वास होता.

"ताई, त्या दिवशी एक सांगायचं राहिलं. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल." ती कठड्याच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिली. "शेवटी, तुम्ही यायच्या आधी. त्यांनी तुमची आठवण काढली."

"काढली?"

"हो. काढली."

मी दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. आईच्या वह्यांमध्ये त्या शब्दाचा अर्थ एकच होता. मी कठडा धरला. लाकूड गार होतं. एकोणीस... एकवीस दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी गार लागलं.